चिऱ्याच्या भिंतीचा पोत

वस्तूची ओळख आपल्याला प्रथम तिच्या आकारावरून व रंगावरून होते, ही गोष्ट खरी. परंतु तेवढ्याने ती पुरी होत नाही. रेशमी वस्त्र आणि खादीचे वस्त्र एकाच रंगाचे व एकाच मापाचे असले, तरी त्यांतील भेद आपण दुरूनच ओळखतो. हा भेद ज्या गुणामुळे कळतो, त्यास 'पोत' असे म्हणतात. पोत हा वस्तुतः स्पर्शाचा विषय. पण प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्यांनाही तो जाणवतो. कापडाप्रमाणेच भिंतीला, जमिनीला व मातीलाही पोत असतो. संगणकाच्या पडद्यावर खेळांतून व चित्रपटांतून जी घरे आणि अंगणे दिसतात, ती खरी वाटतात की खोटी, हे बहुतांशी या पोतावरच अवलंबून असते. तो तेथे कसा निर्माण करतात, हे समजण्यासाठी रत्नागिरीकडील जांभ्या दगडाची एक साधी भिंत आपण उदाहरणादाखल घेऊ.

जांभा हा पावसाने घडविलेला दगड आहे. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांच्या योगाने लाखो वर्षांत मूळच्या खडकातील सिलिका झिरपून निघून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. म्हणूनच त्याचा रंग तांबूस आणि अंग सच्छिद्र झाले. हा दगड खाणीत मऊ असतो, त्यामुळे विटेसारखा कापता येतो. पुढे वाऱ्या-उन्हात तो कठीण होतो. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील अशाच दगडास 'लॅटेराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. या दगडाचे कापलेले ठोकळे म्हणजे आपले चिरे.

आता ही भिंत संगणकाला कशी दाखवावयाची? संगणक कोणतीही वस्तू लहान लहान सपाट तुकड्यांनी रचतो. अशा रीतीने रचलेली भिंत आकाराने बरोबर असते, पण ती पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी गुळगुळीत दिसते. एकेक छिद्र स्वतंत्रपणे रचू म्हटले, तर त्या कामास अंतच राहणार नाही. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात एडविन कॅटमल यांनी १९७४ साली आपल्या प्रबंधात यावर एक सोपी युक्ती मांडली. खोक्यावर आपण जसा रंगीत कागद डकवतो, तसे सपाट चित्र त्या आकारावर डकवावयाचे! भिंतीचे छायाचित्र भिंतीच्या आकारावर बसविले, की छिद्रे, दरजा, हत्याराचे घाव हे सारे आपोआप तेथे येते.

युक्ती सोपी खरी, पण तिच्यातून नव्या अडचणी उद्भवतात. पहिली अडचण पुनरुक्तीची. एका लहान चित्राने मोठी भिंत झाकावयाची, तर तेच चित्र पुनःपुन्हा लावावे लागते. त्याच्या कडा एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर सांधे उघडे पडतात. कडा जुळल्या, तरी चित्रात एखादे ठळक काळे छिद्र असल्यास ते ठरावीक अंतरावर छापील लुगड्याच्या बुट्टीसारखे पुन्हा पुन्हा दिसू लागते. निसर्गात दोन चिरे कधीच सारखे नसतात. त्यामुळे पाहणाऱ्याला फसवणूक तत्काळ कळते. म्हणून कसबी चित्रकार अशा ठळक खुणा काढून टाकतो आणि निरनिराळी चित्रे मिसळून वापरतो.

केन पर्लिन यांनी या बाबतीत निराळीच वाट धरली. १९८२ सालच्या 'ट्रॉन' या चित्रपटाचे काम केल्यावर संगणकाची चित्रे फार यांत्रिक दिसतात, हे त्यांच्या मनाला लागून राहिले. त्यांनी गणिताने अशी अनियमितता निर्माण केली की जिच्यात एक बिंदू शेजारच्या बिंदूशी हळूहळू मिळत जातो. तिच्यापासून माती, ढग, संगमरवर यांचे पोत छायाचित्रावाचूनही तयार करता येतात. १९८५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १९९७ साली तिला अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले.

दुसरी अडचण प्रकाशाची. भर उन्हात घेतलेल्या छायाचित्रात प्रत्येक छिद्राची सावली कायमची अडकून बसते. मग पडद्यावरील सूर्य पूर्वेस असो वा पश्चिमेस, ती सावली जागची हलत नाही. याकरिता अशी छायाचित्रे आभाळ एकसारखे भरून आलेले असताना, पण भिंत कोरडी असताना घेतात. सावल्या पुढे संगणकाने पाडावयाच्या असतात. जेम्स ब्लिन यांनी १९७८ साली दाखवून दिले की, पृष्ठभाग सपाटच ठेवून प्रत्येक बिंदूपाशी त्याचा कल कोणत्या दिशेस आहे एवढे संगणकास सांगितले, तरी उंचसखलपणाचा भास होतो. तो भासच असतो. भिंतीची कड पाहिली, तर ती सरळच्या सरळ! आजकाल एका भिंतीसाठी अनेक चित्रे करतात: एक रंगाचे, एक उंचसखलपणाचे, एक खरखरीतपणाचे. कोरडा चिरा प्रकाश चहूकडे विखुरतो. पावसात भिजला, की तोच गडद होतो व चकाकतो. शेणाने सारवलेल्या जमिनीत चकाकी नसते, पण सारवणाऱ्या हाताची कमानदार वळणे तीवर स्पष्ट उमटलेली असतात.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे. पोताला कारण असते. शेवाळ भिंतीच्या पायथ्याशी दाट असते, कारण पागोळ्यांचे शिंतोडे तेथेच उडतात. पायरी मधोमध झिजते, कारण पाऊल तेथेच पडते. स्वयंपाकघराची भिंत चुलीच्या वरच्या बाजूस काळवंडते. ही कारणे ठाऊक नसलेला मनुष्य शेवाळ वाटेल तेथे चिकटवील आणि त्याचे घर घर वाटणार नाही. अवलोकनावाचून यंत्राचे कौशल्य पांगळेच राहते.

या विद्येचा उपयोग केवळ करमणुकीपुरता नाही. रत्नागिरी जिल्ह्यात उक्षी, कशेळी, बारसू इत्यादी गावांच्या जांभ्या सड्यांवर प्राचीन माणसांनी कोरलेली कातळशिल्पे आहेत. कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या आकृतीत अनेक लहान प्राणी कोरलेले आढळतात. २०२२ साली कोकणातील अशा काही स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. पण ज्या दगडावर ही शिल्पे आहेत, तोच दगड चिरेखाणींतून घरांसाठी काढला जातो, आणि उघड्या सड्यावर ऊनपाऊस तर अखंड चालूच असतो. एकाच पृष्ठभागाची अनेक जागांवरून छायाचित्रे घेतली, तर आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे संगणकालाही त्यांतील फरकावरून खोली मोजता येते आणि शिल्पाची प्रत्येक रेघ नोंदवून ठेवता येते. अशी नोंद अमोल खरी. परंतु ती साक्षीदार आहे, शिल्प नव्हे. मूळ कातळ फुटला, तर पडद्यावरील प्रतिमा तो परत आणू शकणार नाही.

चिऱ्याच्या भिंतीवर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी फिरवून पाहा. छिद्रे, घाव, दरजा यांचा ठसा कागदावर उमटेल. मग शेजारच्या चिऱ्याचा ठसा घ्या व दोन्ही ताडून पाहा. ते सारखे असणार नाहीत. प्रत्येक चिऱ्याला त्याचा स्वतःचा इतिहास असतो; तो वाचण्याची सवय डोळ्यांना लागली, म्हणजे तो राखण्याची इच्छाही मनात उत्पन्न होते.