गोष्ट रंगमंचावर येते तेव्हा

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, की जालना जिल्ह्यातील खेडोपाडीच्या शाळांतही नाटकाची चर्चा सुरू होते. वाचलेली एखादी अद्भुत कथा रंगमंचावर आणावी, असे मुलांना वाटते. आणि तेथेच पहिली अडचण उभी राहते. पुस्तकातील मुलगी एका वाक्यात वीतभर होते, तर दुसऱ्या वाक्यात ताडमाड वाढते. रंगमंचावरील मुलीला हे कसे साधावे?

ही अडचण जुनीच आहे. लुई कॅरल यांची ॲलिसच्या नवलप्रवासाची कथा १८६५ साली प्रसिद्ध झाली. हेन्री सॅव्हिल क्लार्क यांनी १८८६ साली ती लंडनच्या रंगमंचावर आणली. ॲलिसच्या दोन पुस्तकांतील निवडक प्रसंग घेऊन त्यांनी दोन अंक रचले. निवड हे रूपांतरकाराचे पहिले काम होय. नायकाला काय हवे आहे आणि त्याच्या वाटेत कोण आडवे येते, एवढा धागा हाती राहिला, की बाकीचे प्रसंग खुशाल गाळता येतात.

दुसरे काम सूचनेचे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्याच काठी, वरच्या अंगाला, संत एकनाथांचे पैठण आहे. त्यांच्या भारुडातील विंचू प्रेक्षकांपुढे कधीच येत नाही. परंतु सोंग घेणारा कळवळला, की प्रत्येकाला नांगी दिसू लागते. जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’ या १९०४ सालच्या नाटकातील छोटी परीही अशीच. ती म्हणजे केवळ एक नाचता कवडसा. ती मरणोन्मुख होते, तेव्हा परीवर विश्वास असणाऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, अशी विनवणी पीटर करतो. मुलांच्या टाळ्यांनी कवडसा पुन्हा उजळतो.

परंतु हा विश्वास मोठा जोखमीचा असतो. नाटक पाहून घरी गेलेल्या कित्येक मुलांनी पलंगावरून उडण्याचा प्रयत्न केला आणि दुखापत करून घेतली, असे बॅरी यांनीच नमूद केले आहे. तेव्हा पालकांच्या विनंतीवरून त्यांनी नाटकात एक भर घातली : अंगावर परीची धूळ पडल्यावाचून कोणालाही उडता येत नाही! कथेची गोडी न घालवता त्यांनी मुलांचा जीव सांभाळला. रूपांतरकाराचे तिसरे काम हेच.

मराठीत सुधा करमरकर यांच्या ‘लिटिल थिएटर’ने १९५९ साली ‘मधुमंजिरी’ हे नाटक सादर करून बालरंगभूमीला नवे वळण दिले. पुढे रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी गाजवली. ही चेटकीण भिववते, तशीच हसवतेही. ज्याला हसता येते, त्याचे भय निम्मे उरते, हे बालप्रेक्षक अशा वेळी नकळत शिकतो.

मग शाळेतील त्या वीतभर मुलीचे काय? प्रथम तिच्या हाती साधा पेला द्यावा. नंतर पुठ्ठ्याचा, तिच्या कमरेइतका उंच पेला शेजारी आणून ठेवावा आणि तिने टाचा उंचावून त्यात डोकावावे. मुलगी आहे तेवढीच राहते. लहान होते ती प्रेक्षकांच्या मनात. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. तिचे डोकावणे मात्र खरे वाटले पाहिजे.