जुन्या टोप्या, घोड्याची लीद आणि जेम्स वॅट

जेम्स वॅट, त्याची मावशी आणि चहाची किटली ही गोष्ट शाळेनं आपल्याकडून पाठ करून घेतलेली आहे, तेव्हा ती पुन्हा सांगत नाही. फक्त एवढंच नोंदवतो की किटलीत हलणारा भाग एकच असतो, तो म्हणजे झाकण. आणि वाफेच्या इंजिनापायी जेवढी भांडणं, चोऱ्या, कोर्टकचेऱ्या आणि रुसवेफुगवे झाले, त्यातले बहुतेक हलणाऱ्या भागांवरून झाले. वाफ बिचारी ढकलायचं काम इमानेइतबारे करत होती. त्या ढकलण्याचं पुढे करायचं काय, यावर शंभर वर्षं शहाणी माणसं एकमेकांचे गळे धरत होती.

सुरुवात वॅटच्या आधीपासून करू. न्यूकोमनचं इंजिन १७१२ साली इंग्लंडात डडली किल्ल्याजवळच्या खाणीवर पाणी उपसायला लागलं. त्याच्या झडपा उघडायला-मिटायला म्हणे हम्फ्री पॉटर नावाचा एक पोऱ्या ठेवला होता. त्यानं कंटाळून झडपांना दोऱ्या बांधल्या, त्या वरच्या डुलणाऱ्या तुळईला अडकवल्या आणि तो खेळायला पळाला. इंजिन आपलं आपण चालू लागलं! ही कथा देसागुलिए या विद्वानानं १७४४ साली छापली आणि पुढे खुद्द अॅडम स्मिथनं मुलाचं नाव न घेता आपल्या ग्रंथात वापरली. आळशी मुलाच्या हातून प्रगती होते, हे अर्थशास्त्रज्ञाला आवडणारच. अडचण एवढीच की डडलीच्या त्या इंजिनाचं १७१९ सालचं कोरीव चित्र आजही पाहायला मिळतं. त्यात झडपा चालवणारी दांडी तुळईला रीतसर टांगलेली दिसते, खुंट्या-खटक्यांसकट. दोरीही नाही आणि पोऱ्याही नाही.

आता वॅटकडे येऊ. वाफ वेगळ्या भांड्यात, म्हणजे कंडेन्सरमध्ये, थंड करायची ही त्याची थोर कल्पना १७६५ची, पेटंट १७६९चं, आणि कामाला जुंपलेलं पहिलं मोठं इंजिन १७७६चं. मधली इतकी वर्षं गेली कुठे? चरित्रकार पैशाची चणचण, आजारपण वगैरे सांगतात. ते खरंच आहे. पण फिटरला विचाराल तर तो एका शब्दात सांगेल : गळती.

न्यूकोमनचा सिलिंडर वेडावाकडा असला तरी चालून जायचं, कारण दट्ट्याच्या वर पाण्याचा थर सोडलेला असे आणि फट त्या पाण्यानं बुजायची. वॅटला सिलिंडर गरम ठेवायचा होता. पाणी ओतलं की सगळ्या शोधावरच पाणी! मग फट बुजवायची कशानं? वॅटनं बूच लावून पाहिलं, तेलात भिजवलेल्या चिंध्या कोंबल्या, ताग, कागद, जुन्या टोप्या आणि शेवटी घोड्याची लीदसुद्धा. औद्योगिक क्रांतीचा जनक सिलिंडरपुढे हात लिदीत बरबटून बसलाय, हे चित्र कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही. त्या काळचा सर्वांत मानाचा इंजिनिअर जॉन स्मीटन ते यंत्र पाहून म्हणाला की, इतकं नेमकं काम करतील अशी हत्यारंही देशात नाहीत आणि असे कारागीरही नाहीत. त्याचं चुकत नव्हतं.

हत्यार आलं ते तोफांच्या धंद्यातून. जॉन विल्किन्सन हा लोखंडाचं वेड घेतलेला गृहस्थ. यानं लोखंडी होडी पाण्यात सोडली आणि स्वतःसाठी लोखंडी शवपेटी तयार ठेवली. पाहुण्यांना ती तो हौसेनं दाखवायचा म्हणतात. (पाहुणे पुन्हा येत की नाही, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.) जुन्या पद्धतीत बोअरिंगचा दांडा एकाच टोकाला धरलेला असे, त्यामुळे कापणारं पातं ओतकामाच्या वाकड्या भोकामागून वाकडंच जायचं. विल्किन्सननं दांडा सिलिंडरमधून आरपार घातला आणि दोन्ही टोकांना धरला. बस्स, एवढंच! वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यानं कौतुकानं कळवलं की पन्नास इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही. आजच्या टर्नरनं मिलिमीटरभर चूक केली तर सुपरवायझर त्याला घरी पाठवेल. वॅटची मात्र लिदीतून सुटका झाली.

पुढची जवळपास वीस वर्षं बोल्टन आणि वॅट गिऱ्हाइकांना सांगत राहिले, की सिलिंडर घ्यायचा तो विल्किन्सनचाच. आणि विल्किन्सन काय करत होता? मागच्या दारानं वॅटची इंजिनं बनवून विकत होता, पेटंटचा एक छदाम न देता. हे उघडकीला आणलं कुणी, तर सख्ख्या भावानं. विल्यमचं आणि जॉनचं बिनसलं होतं. १७९५च्या सुमारास त्यानं भावाची सगळी चोपडी बोल्टन-वॅटपुढे उघडी केली. मग त्यांनी स्वतःची फाउंड्री काढली. तिची आखणी करायला मदत कुणी केली असेल? विल्यमनेच.

आता क्रँक, म्हणजे मागे-पुढे जाणाऱ्या दांड्यानं चाक फिरवणारी वाकडी मूठ. क्रँकमध्ये नवीन काय होतं? काहीच नाही. पायानं चालवायच्या लेथला तो होता, सूत कातायच्या पायचाकालाही होता. तरी १७८० साली बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्डनं इंजिनाला क्रँक जोडण्याचं पेटंट खिशात टाकलं आणि वॅट हादरला. वॅटची बाजू अशी : आमच्याच एका कामगारानं कारखान्याजवळच्या दारूच्या गुत्त्यात पेल्यावर पेले रिचवत आमचा बेत बडबडून टाकला आणि ऐकणाऱ्यानं तो पळवला. पिकार्डची बाजू नोंदवून ठेवायला त्याला असा चरित्रकार मिळाला नाही. पिकार्डच्या मंडळींनी तडजोडही सुचवली होती, की आम्ही क्रँक देतो, तुम्ही तुमचा कंडेन्सर वापरू द्या. वॅटनं साफ नकार दिला. ज्याचं पेटंट संसदेकडून १८०० सालापर्यंत वाढवून घेतलेलं आहे, तो माणूस वाटणी कशाला करेल?

कोर्टात जाऊन पिकार्डचं पेटंट मोडता आलं असतं. पण दुसऱ्याचं पेटंट उचकटायला गेलं की आपलंही कुणीतरी उलटंपालटं करून पाहतं, ही भीती बोल्टन-वॅटना होती. म्हणून वॅटनं १७८१ साली क्रँक न वापरता चाक फिरवायच्या पाच वेगवेगळ्या युक्त्यांचं पेटंट घेतलं. त्यातली चालली ती एकच : सूर्य आणि ग्रह. दांड्याच्या टोकाला घट्ट बसवलेलं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या आसावरच्या चाकाभोवती घिरट्या घालतं आणि तुळईच्या एका वर-खालीत फ्लायव्हीलचे दोन फेरे होतात. दिसायला मोठं देखणं काम. ते उभं केलं विल्यम मर्डॉक या त्यांच्याच माणसानं. वॅटनं बोल्टनला कळवलं, की माझीच एक जुनी कल्पना होती, मर्डॉकनं ती पुन्हा काढून अमलात आणली. कारखान्यात काम केलेल्या माणसाला साहेबाचं हे वाक्य कुठल्याही भाषेत ओळखू येईल. १७९४ साली पिकार्डच्या पेटंटची मुदत संपली आणि देखणे सूर्य-ग्रह हळूहळू मावळले. त्यांच्या जागी आला साधा क्रँक.

गंमत अशी की हे सगळं चालू असताना नौदलाच्या रसदखात्यानं स्मीटनला विचारलं होतं, इंजिनावर पिठाची गिरणी चालवावी का? स्मीटननं सल्ला दिला, छे! वर-खाली होणाऱ्या तुळईतून पाणचक्कीसारखी एकसारखी फिरती गती मिळणं शक्य नाही. त्यापेक्षा इंजिनानं पाणी वर चढवा आणि त्या पाण्यावर पाणचक्की फिरवा. सिलिंडरच्या बाबतीत बरोबर ठरलेला माणूस इथे तोंडावर आपटला. पाच वर्षांनी लंडनच्या थेम्सकाठी अल्बियन मिल्समध्ये वॅटची इंजिनं सरळ जात्यांचे दगड फिरवू लागली.

मर्डॉकचं नाव निघालंच आहे, तर त्याच्या टोपीबद्दल सांगायला हवं. १७७७ साली हा स्कॉटिश तरुण नोकरी मागायला बोल्टनपुढे उभा राहिला आणि घाबरून त्याच्या हातातली टोपी खाली पडली. आवाज आला ठक्क! टोपी लाकडाची होती. बोल्टननं ती उचलून पाहिली. डोक्याच्या आकाराची, म्हणजे लंबगोल. लेथवर गोल वस्तू कुणीही काढेल, लंबगोल काढायला लेथच वेगळा लागतो. तो कुणी केला? मीच, मर्डॉक म्हणाला. मुलाखत तिथेच संपली.

याच मर्डॉकनं कॉर्नवॉलमध्ये फावल्या वेळात वाफेवर पळणारी छोटी गाडी बनवली. १७८६ साली तो ती घेऊन लंडनला निघाला. एक्सेटरजवळ बोल्टननं त्याला गाठलं. कुठे निघालास? कामाला माणसं आणायला, मर्डॉक म्हणाला. खोदून विचारल्यावर कळलं, की स्वारी पेटंट घ्यायला निघाली आहे. बोल्टननं गोड बोलून त्याला परत फिरवलं. वॅटनं तोवर काय केलं होतं? १७८४च्या आपल्या पेटंटात वाफेच्या गाडीचं कलम आधीच घालून ठेवलं होतं. स्वतः गाडी त्यानं आयुष्यात कधी बनवली नाही.

त्याच पेटंटात एक अस्सल रत्नही होतं. वॅटचं नवं इंजिन दट्ट्याला वरही ढकलायचं आणि खालीही. जुन्या इंजिनात दट्ट्या आणि तुळई यांच्यात साखळी असे आणि साखळीला ओढता येतं, ढकलता येत नाही. तुळईचं टोक कमानीत फिरणार, दट्ट्याचा दांडा सरळच जायला हवा. घट्ट दांडा जोडला तर तो वाकणार किंवा पॅकिंग फाडणार. वॅटनं काय केलं, ते घरी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर करून पाहता येतं. दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या समोरासमोर, एक डाव्या भिंतीला आणि एक उजव्या भिंतीला टाचणीनं अडकवा. त्यांची मोकळी टोकं एका आखूड पट्टीनं जोडा. आता हलवा. एक टोक डावीकडे फुगणारी कमान काढतं, दुसरं उजवीकडे, आणि आखूड पट्टीचा मध्यबिंदू दोघांच्या भांडणात न पडता सरळ वर-खाली जातो. म्हातारपणी वॅटनं मुलाला लिहिलं, की माझ्या सगळ्या शोधांत मला सर्वांत अभिमान याचा आहे. कंडेन्सरचा नव्हे, किटलीचा तर नव्हेच.

फक्त ती रेघ पुरती सरळ नव्हती, जवळजवळ सरळ होती. इंजिनाला तेवढं पुरलं, गणित्यांची मात्र झोप उडाली. रशियाचा चेबिशेव्ह इंजिनं पाहायला इंग्लंड-फ्रान्सला जाऊन आला आणि या ‘जवळजवळ’चा हिशेब मांडता मांडता त्याच्या हाताला ती बहुपदी लागली, जी आजही त्याच्या नावानं शिकवली जाते. १८६४ साली पोसेलिए या फ्रेंच लष्करी इंजिनिअरनं सात पट्ट्यांची रचना शोधली, तिच्यातून निघणारी रेघ तंतोतंत सरळ! १८७४च्या सुमारास गणिती सिल्व्हेस्टरनं तिचं मॉडेल विल्यम थॉमसनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनच्या हातात दिलं. थॉमसन ते तान्ह्या मुलासारखं सांभाळत बसला आणि परत मागितलं तर देईना. ब्रिटिश संसदेला हवा पुरवणाऱ्या इंजिनांमध्येही ही रचना बसवली गेली. आत काय बोललं जात होतं कोण जाणे, तळघरात निदान एक गोष्ट सरळ चालली होती.

पण तोवर उशीर झाला होता. रंधा मारणारी यंत्रं येऊन पन्नासेक वर्षं झाली होती. सपाट पट्ट्यांचे गाईड कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळत होते. त्यात दांड्याच्या टोकाचं क्रॉसहेड सरकवलं, तेल सोडलं, की दांडा सरळ जातो. खरीखुरी सरळ रेघ काढणारी ही जोडणी आली, तेव्हा इंजिनवाल्यांना तिची गरज उरली नव्हती.

आगगाडीचं इंजिन म्हणजे आणखी वेगळी कटकट. त्याला पुढेही जायचं असतं, मागेही, आणि कोळसा वाचवायचा तर वाफ सिलिंडरात पुरती न भरता मध्येच तोडावी लागते. सुरुवातीच्या इंजिनांत दिशा बदलायला आकडे सोडवून दुसरे अडकवावे लागत. १८४२ साली न्यूकॅसलला रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात विल्यम विल्यम्स या ड्राफ्ट्समनला सुचलं, की पुढे नेणाऱ्या आणि मागे नेणाऱ्या दोन्ही दांड्यांची टोकं एका खाचेच्या पट्टीनं जोडावीत. त्याचं चित्र चालण्याजोगं नव्हतं. पॅटर्नमेकर विल्यम होवनं ते लाकडात करून, घासूनपुसून चालतं केलं. मग कल्पना कुणाची, यावर दोघं भांडले. रॉबर्ट स्टीफन्सननं त्यावर कधीच हक्क सांगितला नाही. जगभर त्या रचनेला नाव पडलं ‘स्टीफन्सन लिंक’.

दोन वर्षांनी ब्रसेल्समध्ये एजीद वाल्शार्ट्स या रेल्वे वर्कशॉपच्या फोरमननं याहून सुबक रचना काढली. सगळे दांडे चाकांच्या बाहेर, तेल घालायला सोपे, दुरुस्तीला खाली लोळायला नको. पेटंटाचा अर्ज मात्र फिशर नावाच्या इंजिनिअरनं त्याच्या वतीनं दाखल केला. फिशरनं नंतर श्रेयावर हक्क सांगितला नाही, त्यामुळे फोरमनला एक सज्जन साहेब भेटला म्हणायचं. पण पेटंटाच्या कागदावर वाल्शार्ट्सच्या नावातलं शेवटचं अक्षर गळालं ते गळालंच. जर्मनीत हॉयसिंगर नावाच्या इंजिनिअरला १८४९ साली स्वतंत्रपणे तेच सुचलं, म्हणून तिकडे ते त्याच्या नावानं ओळखलं जातं. वाल्शार्ट्सला वर्कशॉपच्या वरची बढती आयुष्यभर मिळाली नाही.

आपल्याकडच्या डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी इंजिनांच्या चाकांबाहेर जे दांडे एकमेकांत गुंतून नाचत असत, ते याच फोरमनचे. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली ‘देशबंधू’ बाहेर पडलं ते त्यांच्यावर, आणि १९७० साली तिथलं ब्रॉडगेजवरचं शेवटचं इंजिन ‘अंतिम सितारा’ बाहेर पडलं तेही त्यांच्यावरच.