दादासाहेबांची रोजनिशी

वकिलाला नोंदी ठेवायची सवय असतेच. अमरावतीच्या गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे यांनी मात्र खटल्यांइतकीच स्वतःच्या दिवसांची नोंद ठेवली, तीही इंग्रजीत. या रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

जन्म १८५४चा. काही वर्षं सरकारी नोकरी, मग १८९०पासून वकिली. पैसा आला तसा हातही सैल सुटला. लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणत. १८९७ला अमरावतीत काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. १९०८मध्ये टिळकांना शिक्षा होताच चालता धंदा मागे टाकून ते अपिलासाठी विलायतेला गेले आणि १९१०पर्यंत तिथेच खटपट करत राहिले. अपील काही साधलं नाही.

मला खरी गंमत वाटते ती शिर्डीच्या पानांची. डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ हा मुक्काम. पहाटे उठलो, प्रार्थना केली, काकड आरती, मग ‘पंचदशी’चं वाचन, कोण आलं, कोण गेलं, साईबाबा आज कसे बोलले. चमत्कारांचा गाजावाजा न करता साक्षीदाराची जबानी उतरवावी तसं हे लिहिणं आहे. राजकारणाविषयी मात्र ते तिथे फारसं बोलत नाहीत. टिळक मंडालेत होते, जहालांवर सरकारची नजर होती. मुरलेला वकील कागदावर काय येऊ द्यायचं हे जाणणारच! भाविकांनी हीच पानं पुढे ‘शिर्डी डायरी’ म्हणून जपली. इतिहासाच्या अभ्यासकांनी बाकीच्या वह्याही तितक्याच आवडीने उघडाव्यात.