जुनी बोट घेताना: रंगाखालचे पाणी

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत, नर्मदाकाठच्या माणसांना बोट ही चैनीची वस्तू नाही. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावे आली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय पहिल्यांदाच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. सातपुड्याच्या उतारांवर राहिलेल्या कितीतरी पाड्यांना तेव्हापासून दवाखाना, बाजार आणि रेशन गाठायचे तर पाण्यातूनच जावे लागते. नवी यांत्रिक बोट बहुतेक गावांच्या, बचत गटांच्या किंवा मच्छीमार संस्थांच्या आवाक्याबाहेर असते, म्हणून वापरलेली शोधली जाते. त्यात गैर काही नाही. वीस वर्षांची नीट सांभाळलेली बोट पाच वर्षांच्या हेळसांड झालेल्या बोटीपेक्षा कितीही चांगली. अडचण आहे ती तपासण्याच्या पद्धतीत. घेणारा बोटीचे वय विचारतो, रंग पाहतो, इंजिन सुरू करून ऐकतो आणि व्यवहार ठरवतो. खरे तर एकच प्रश्न धरून बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवे: जिथे पाणी असायला नको, तिथे ते कुठे कुठे शिरले आहे? लाकडात, फायबरच्या थरांत, तेलात, इंधनात, वायरींत. जुन्या बोटीचे बहुतेक गंभीर दोष शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतात, आणि त्याबद्दलचे गैरसमजही तिथेच सुरू होतात.

‘फायबर कुजत नाही’ हा त्यातला सर्वांत पक्का बसलेला समज. काचतंतू आणि रेझिन कुजत नाहीत हे खरे, पण फायबरची बोट म्हणजे नुसते फायबर नव्हे. ज्या मागच्या फळीवर आउटबोर्ड इंजिन टांगलेले असते, तिच्या पोटात बहुधा प्लायवुड असते. तळाला ताठपणा देणाऱ्या लांब आडण्यांतही पुष्कळदा लाकूडच गुंडाळलेले असते. इंजिनाच्या बोल्टसाठी पाडलेल्या भोकांतून, शिड्या आणि कड्या बसवलेल्या जागांतून थेंब थेंब पाणी आत जाते. बाहेरचा थर चकचकीत राहतो आणि आतले लाकूड भुसभुशीत होत जाते. ताज्या रंगाने हे दिसायचे तेवढेही झाकले जाते, म्हणून विक्रीच्या आठवड्यात दिलेला रंग हा गुण मानू नये. छोट्या हातोडीने मागची फळी आणि तळ वीतभर अंतराने ठोकत जावे. निरोगी जागी टणटणीत आवाज येतो. थर सुटलेले असतील किंवा आत ओल असेल, तिथे आवाज बद्द होतो. मग इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरून हलवून पाहावे. इंजिनाबरोबर मागची फळीही लवत असेल तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच पुढे बोलावे. दुसरी खूण तळावरच्या फोडांची. बाहेरच्या गुळगुळीत थरातून पाणी हळूहळू झिरपते, आतले न मुरलेले रसायन त्यात विरघळते, दाब वाढतो आणि फोड उठतो. तो फोडल्यावर आंबूस वासाचा द्रव निघतो. बोट सुकल्यावर असे फोड बसतात, म्हणून ते पाण्यातून बाहेर काढल्या काढल्या पाहायचे असतात. ओलावा मोजायच्या यंत्राचे उलटे आहे. बोट काही दिवस वाळल्याशिवाय त्याच्या आकड्याला अर्थ नसतो.

किनाऱ्यावरची बोट विकत घेऊन इकडे आणण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांच्याकडून ‘समुद्रात चाललेली बोट, नदीत काय होणार तिला?’ हे वाक्य ऐकायला मिळते. समुद्रातल्या लाटा झेलण्याइतके बळ हा गुण आहेच. पण गोडे पाणी काही बाबतींत खाऱ्यापेक्षा जास्त निष्ठुर असते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारे पाणी मानवत नाही, पावसाचे आणि नदीचे मानवते. सातपुड्यातल्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या बोटीच्या तळात साचणारे पाणी गोडेच असते. फायबरमधले फोड उठायलाही गोडे पाणी अधिक अनुकूल, कारण आतल्या विरघळलेल्या रसायनाशी त्याची तफावत मोठी असते. शाफ्ट आणि पंख्याजवळचा धातू गंजू नये म्हणून त्याच्याऐवजी स्वतः झिजणारे जे तुकडे बसवतात, ते समुद्रावर जस्ताचे असतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करेनासे होते. तिथे मॅग्नेशियमचे लागतात. हा तुकडा अगदी अखंड, न झिजलेला दिसला तर खूश होऊ नये, तो काम करत नसण्याची शक्यता जास्त. आणि सर्वांत महत्त्वाचे, समुद्राचे पाणी घनमीटरला साधारण १०२५ किलो भरते, नदीचे १०००. माणसांसह पाच टन भरणारी बोट समुद्रात ज्या रेषेपर्यंत बुडते, त्याच रेषेपर्यंत नर्मदेत बुडवायची तर सुमारे १२२ किलो वजन कमी करावे लागेल, म्हणजे दोन प्रौढ माणसे. किनाऱ्यावर ठरलेली क्षमता इथे जशीच्या तशी धरता येत नाही.

इंजिनाच्या बाबतीत ‘तास कमी, म्हणजे इंजिन नवे’ हा हिशेब मोटारसायकलच्या बाजारातून आलेला आहे. रोज चालणारे, वेळेवर तेल बदललेले डिझेल इंजिन हजारो तास काम करते. चार वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात मात्र सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो, रिंगा चिकटतात, रबरी सील वाळतात आणि थंड करणाऱ्या पंपातल्या रबरी पात्यांना कायमचा बाक येतो. तास मोजणारे घड्याळ बदलताही येते. म्हणून तासांपेक्षा पुरावे पाहावेत. विक्रेत्याला आधी इंजिन सुरू करून ठेवू नका असे सांगावे आणि गेल्यावर प्रथम इंजिनाला हात लावून ते गार आहे याची खात्री करावी, कारण गरम इंजिन आपले दोष लपवते. तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधी दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. आउटबोर्डच्या खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल करून येणारा पहिला थेंबही तसाच पाहावा. सुरुवातीच्या थोड्या वेळानंतरही काळा धूर राहिला तर इंधन नीट जळत नाही किंवा इंजिनावर भार जास्त आहे, निळा राहिला तर तेल जळते आहे, पांढरा राहिला तर न जळलेले इंधन किंवा पाण्याची वाफ आहे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडा किती आहे यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बोलका असतो, आणि तो दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे गेला तर थांबावे. पेट्रोलवर चालणारे इंजिन असेल तर आजच्या २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचाही विचार हवा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, प्रमाण वाढले की पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि जुन्या रबरी नळ्या त्यात खराब होतात. टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून थोडा वेळ ठेवले तरी बरेच कळते.

एक तपासणी नंदुरबारमध्ये फार सहज होऊ शकते आणि ती क्वचितच कोणी करते. मध्ये धरण असल्यामुळे समुद्रातून नर्मदेच्या वाटेने बोट इकडे येऊ शकत नाही. ती ट्रकवरून येते. मग तो ट्रक वजनकाट्यावर आधी रिकामा आणि नंतर बोटीसह का चढवू नये? बांधणाऱ्याने दिलेल्या कोरड्या वजनात इंजिन, इंधन आणि सामान मिळवले तरी आकडा बराच वर जात असेल, तर ते जादा वजन बहुधा पाण्याचे असते. बोट उलटली तरी तरंगावी म्हणून तळात भरलेला फोम वर्षानुवर्षे पाणी पीत राहतो. असा भिजलेला फोम बोटीला खाली दाबतो आणि संकटात तिला वर धरत नाही.

‘कागद पूर्ण आहेत’ या वाक्यावर व्यवहार पुरा करणारे तर असंख्य. कागद हवेतच. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली आणि यांत्रिक बोटींसाठी नोंदणी, सर्वेक्षण व विमा यांची चौकट घालून दिली. नोंदणीवरचे नाव, इंजिनावर कोरलेला क्रमांक, बँकेचा बोजा, सर्वेक्षणाची मुदत हे सगळे जुळवून पाहावे. मासेमारीसाठी नोंदलेल्या बोटीच्या कागदावर प्रवासी नेता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. पण सर्वेक्षणाचा दाखला बोटीची त्या दिवशीची अवस्था सांगतो. त्यानंतर ती एखाद्या बुडालेल्या झाडाच्या खोडावर आदळली असेल, तर ते दाखल्यात नसते. नर्मदेच्या फुगवट्यात पातळी खाली-वर होते तशी बुडालेली झाडे आणि खडक पृष्ठभागाजवळ येतात, म्हणून इथे चाललेल्या बोटीचा शाफ्ट हाताने फिरवून तो वाकडा तर नाही ना आणि पंख्याच्या पात्यांना खाचा तर नाहीत ना, हे पाहणे समुद्रावरच्या बोटीपेक्षाही जास्त जरुरीचे.

यावर आक्षेप येतो तो रास्त आहे: धडगावच्या माणसाने मुंबईहून सर्वेक्षक कसा आणायचा, आणि त्याचे पैसे कोण देणार? पण वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना हातोडी, बॅटरी, काचेची बरणी आणि गॅरेजमधला जाणकार मेकॅनिक एवढेच लागते. त्यातून दहापैकी बहुतेक वाईट बोटी आधीच गळतील. सर्वेक्षकाला उरलेल्या एकीसाठीच बोलवायचे आहे, आणि ज्या बोटीत रोज शाळेची मुले बसणार, तिच्या किमतीपुढे त्याचा मेहनताना मोठा नाही. दुसरा आक्षेप असा की विक्रेता इतके उघडून पाहू देत नाही. तसे झाले तर आपल्याला हवी ती माहिती मिळालीच.

मात्र सगळ्या तपासण्या पार पडल्या तरी एक गोष्ट राहते, आणि इथे तीच जीवावर बेतते. १५ जानेवारी २०१९ ला, मकरसंक्रांतीच्या दिवशी, भुषा परिसरात नर्मदेत बोट उलटून लहान मुलांसह अनेक जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. सणावाराला गर्दी होणारच, म्हणून बोट घेतानाच ती गर्दीत कशी वागते हे पाहायला हवे. मूळ आराखड्यात नसलेले छत किंवा वरचा मजला नंतर चढवला असेल, तर बोटीचा तोल वर सरकलेला असतो आणि ती पूर्वीइतकी माणसे नेऊ शकत नाही, मग आसने कितीही असोत. तळात साचलेले पाणी त्याहून वाईट. बोट कलली की ते सगळे खालच्या बाजूला धावते आणि कलणे वाढवते, म्हणून घोटाभर पाणीही कमी समजू नये. चाचणी रिकाम्या बोटीने घेऊन काहीच कळत नाही. माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या भराव्यात, किनाऱ्यालगत अर्ध्या गोण्या एका बाजूला सरकवून बोटीचा काठ पाण्यापासून किती उंच राहतो ते मोजावे. मग गोण्या पूर्ववत सारख्या मांडून मोकळ्या पाण्यात पूर्ण वेगाने इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत जाते का ते पाहावे. या वेळी बोटीत चालवणारा आणि मेकॅनिक एवढेच असावेत, दोघांनी लाइफ जॅकेट घातलेले असावे आणि आसपास दुसरी बोट नसावी. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळ इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची बोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हा डझनाहून अधिक माणसे दगावली. परत आल्यावर तळाची फळी उचलून निघाल्यापासून आत किती पाणी आले ते मोजावे, आणि उरलेले पैसे त्यानंतरच द्यावेत, अशी अट करारात सुरुवातीलाच लिहून घ्यावी.