पहिला रणगाडा कोणता घ्यावा?



आमच्या गॅरेजमध्ये, जुन्या एस्कीच्या मागे, एक मोठा चपटा डबा पडून आहे. झाकणावर चिखल उडवत येणारा जर्मन टायगर रणगाडा आहे. मुलीच्या नवव्या वाढदिवसाला मी तो आणला. चित्र बघून आणला, हे आधीच कबूल करतो. घरी येऊन डबा उघडला तर टायगरच्या पट्ट्याची प्रत्येक कडी सुटी! एका बाजूला ९६, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून १९२ कड्या, आणि प्रत्येक कडीला चिकटवायचे दोन बारीक दात. तीन रविवार आम्ही बापलेक दात चिकटवत बसलो. चौथ्या रविवारी कन्या म्हणाली, "बाबा, मला आज खूप होमवर्क आहे." होमवर्क आहे असे तिने आपणहून सांगण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिने पूर्ण केलेला दुसरा एक रणगाडा टेबलावर मांडला होता. तो पाहून चार-पाच पालकांनी विचारले, "आमच्या मुलाला कोणता आणावा?" प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगण्यापेक्षा लिहून देतो. मी या छंदातला जाणकार नाही. एक डबा वाया घालवलेला आणि दोन पुरे केलेला मनुष्य आहे, एवढेच.

आधी आकाराचे गणित. डब्यावर १/३५, १/४८, १/७२ असे आकडे असतात. १/३५ म्हणजे खऱ्या गाड्याचे ३५ सेंटिमीटर आपल्याकडे एक सेंटिमीटर होतात. सेंच्युरियन नावाचा रणगाडा घ्या. तोफेची पुढे आलेली नळी सोडली तर तो सुमारे ७.६ मीटर लांब आहे. १/३५ मध्ये तो पावणेबावीस सेंटिमीटर होईल, १/४८ मध्ये सुमारे सोळा आणि १/७२ मध्ये साडेदहा. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक १/३५ मध्ये पाच सेंटिमीटरचा होतो. त्याचा चेहरा रंगवता येतो. १/७२ मध्ये तो अडीच सेंटिमीटरही भरत नाही. लहान मुलांच्या बोटांना मोठे तुकडे सोपे पडतात, म्हणून छोटा डबा स्वस्त असला तरी तो सोपा असतोच असे नाही.

मोठ्या मुलांसाठी एक कोडे. खरा सेंच्युरियन सुमारे ५१ टनांचा. तो लांबी, रुंदी, उंची तिन्ही बाजूंनी ३५ पट आक्रसला, पण पोलादाचाच राहिला, तर वजन किती? ५१,००० भागिले ३५ असे करू नका! ३५ गुणिले ३५ गुणिले ३५ म्हणजे ४२,८७५ ने भागायचे. उत्तर येते सुमारे १.१९ किलो. साखरेच्या एका पुड्याहून थोडे जास्त. हे गणित आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर झाले आणि आमटी गार झाली.

पण हे ३५ आले कुठून? यामागे काही खोल शास्त्र असेल असे मला वाटत होते. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे किट काढले. त्यात मोटर आणि बॅटरी बसवायची होती, म्हणून गाड्याचा आकार बॅटरी मावेल एवढा ठेवला. मागाहून मोजले तेव्हा प्रमाण सुमारे १/३५ निघाले. पुढे सगळ्या जगाने तेच धरले. ब्रिटनच्या एअरफिक्सचे जुने छोटे रणगाडे १/७६ मध्ये असतात. तिकडे खेळण्यातल्या आगगाड्यांचे एक प्रमाण होते, एका फुटाला चार मिलिमीटर, त्याच्याशी ते जुळतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्यांना मोठ्या अभिमानाने 'स्टँडर्ड' म्हणतो, त्यांतली निम्मी अशीच जन्मलेली असतात.

आता पट्टे, म्हणजे चाकांभोवती फिरणारी साखळी. नवशिक्याचा निकाल इथेच लागतो. पट्टे साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे मऊ, रबरासारखा अखंड पट्टा. टोके जोडली, चाकांवर चढवला, झाले. दुसऱ्यात वरचा आणि खालचा सरळ भाग अखंड प्लॅस्टिकचा असतो आणि वळणावरच्या थोड्याच कड्या सुट्या असतात. तिसऱ्यात सगळ्या कड्या सुट्या. तिसऱ्याचे वर्णन वर आलेच आहे. पहिल्या वेळी पहिला किंवा दुसरा प्रकारच घ्यावा. डब्यावर हे लिहिलेले असेलच असे नाही, म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारावे. छंदाच्या वस्तूंच्या दुकानात काउंटरमागे असतात ते बहुधा स्वतःच या नादाने वेडे झालेले असतात. त्यांना प्रश्न विचारला की कळी खुलते.

त्याच दुकानदाराला दुसरा प्रश्न विचारा, साचा कोणत्या सालचा आहे? डबा नवा, चित्र नवे, आणि आत पन्नास वर्षांपूर्वीचा साचा, असे या धंद्यात सर्रास चालते. त्यात लबाडी नाही, पण जुन्या साच्यातले तुकडे कधी कधी नीट बसत नाहीत. मोठ्यांना ते लुटूपुटूचे आव्हान वाटते. मुलाला मात्र वाटते की आपलेच काही चुकले. मला विचाराल तर हे सर्वात वाईट.

रंगाचेही आधीच बघावे. महायुद्धाच्या उत्तरार्धातले जर्मन रणगाडे पिवळा, हिरवा, तपकिरी अशा तीन रंगांचे, कडा धुरकट मिसळलेल्या. ते एअरब्रशशिवाय जमत नाही. पहिला रणगाडा एकरंगी असावा.

मग आता कोणता? इथे मी जरा पक्षपाती आहे.

माझे वडील नगरचे. सरकारी कागदोपत्री आता अहिल्यानगर, आमच्या घरात नुसते 'नगर'. तिथे लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. नगरच्या लोकांना के. के. रेंजवरच्या तोफांचे आवाज लहानपणापासून ओळखीचे. दोन वर्षांपूर्वी भारतात गेलो तेव्हा आबांनी नातीला ते संग्रहालय दाखवले. परत आल्यावर एका आरएसएल क्लबासमोर चौथऱ्यावर उभा असलेला रणगाडा पाहून ती गाडीतच ओरडली, "बाबा, आबांचा रणगाडा!" मी म्हटले, असे कसे असेल? उतरून पाटी वाचली. सेंच्युरियनच होता.

ब्रिटिश बनावटीचा हा रणगाडा भारताने आणि ऑस्ट्रेलियाने दोघांनीही वापरला. भारताकडे तो १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत होता. पूना हॉर्स या पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सप्टेंबर १९६५ मध्ये सेंच्युरियन घेऊनच लढले आणि धारातीर्थी पडले. त्याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल पुण्यात जन्मलेले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांच्या 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनला आग लागली, तरी ते गाडा सोडून गेले नाहीत. वय २१. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तो फामागुस्ता नगरलाच जतन करून ठेवला आहे.

ऑस्ट्रेलियाचे सेंच्युरियन १९६८ ते १९७१ व्हिएतनाममध्ये लढले. त्यांतल्या एकाची कथा तर विलक्षण आहे. १९५३ च्या ऑक्टोबरात साउथ ऑस्ट्रेलियातल्या इमू फील्डला ब्रिटनने अणुस्फोटाची चाचणी केली. स्फोटाच्या जागेपासून पाचशे यार्डांच्या आत एक सेंच्युरियन इंजिन चालू ठेवून मुद्दाम उभा केला होता, आत माणूस नाही. स्फोटानंतर पाहिले तर गाडा जवळजवळ जागेवरच, इंजिन मात्र बंद. का? पेट्रोल संपले होते! तो चालवत बाहेर काढला आणि पुढे तोच व्हिएतनामलाही गेला. मुले ही गोष्ट ऐकून टाळ्या वाजवतात. त्याच स्फोटाचे काळे धुके तिथल्या आदिवासींच्या वस्त्यांवरून गेले आणि माणसे आजारी पडली. आमच्या घरी मी दोन्ही भाग सांगितले.

मग पहिला रणगाडा सेंच्युरियनच घ्यावा का? इतके सांगून 'नाही' म्हणतो आहे, पण नाही. तैवानच्या एएफव्ही क्लबने व्हिएतनाममधल्या ऑस्ट्रेलियन सेंच्युरियनचे १/३५ किट काढले आहे. ते देखणे आहे, पण त्यात बारीक तुकडे भरपूर आहेत. शिवाय एक गंमत अशी की सेंच्युरियनच्या चाकांवर बाजूने लोखंडी पत्रे झाकलेले असतात, आणि व्हिएतनाममध्ये त्यांत चिखल व झाडपाला अडकू लागला म्हणून ऑस्ट्रेलियन सैनिकांनी ते काढून टाकले. त्यामुळे या मॉडेलमध्ये सगळी चाके उघडी दिसतात. म्हणजे सगळ्या चुकाही उघड्या.

म्हणून आम्ही दुसऱ्या वेळी मॅटिल्डा घेतला, तामियाचा, १/३५. हा दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश रणगाडा. ऑस्ट्रेलियाला असे सुमारे चारशे मिळाले होते. मॅटिल्डा चालायला मंद, रस्त्यावरही ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पण चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत जाड. युरोप-आफ्रिकेत तो मागे पडला तेव्हा न्यू गिनीच्या जंगलात मात्र उपयोगी ठरला, कारण तिथे पायदळाच्या चालीनेच जायचे होते आणि जपान्यांच्या बहुतेक तोफांना ते चिलखत फोडता येत नव्हते. नोव्हेंबर १९४३ मध्ये सॅटलबर्गच्या चढावर ऑस्ट्रेलियन पायदळाबरोबर हेच गाडे होते. नगरच्या संग्रहालयातही मॅटिल्डा आहे, म्हणजे आबांचा मानही राहिला.

आणि नवशिक्याच्या दृष्टीने मुख्य गोष्ट ही की मॅटिल्डाच्या बाजूंना मोठे जाड पत्रे असतात. त्यांच्यामागे जवळजवळ सगळी चाके आणि वरचा पट्टा झाकला जातो. एक चाक वाकडे बसले, दोन रंगवायची राहिली, तरी कोणाला दिसणार? आमच्याकडे नेमकी किती राहिली आहेत ते मी लिहीत नाही. रंगाचे म्हणाल तर नुसत्या हिरव्यावर भागते. डब्यात कोणत्या सैन्याच्या खुणांचे स्टिकर आहेत ते बाजूच्या चित्रांवर पाहून घ्या. ऑस्ट्रेलियन खुणा हव्या असतील तर कधी कधी त्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

हत्यारे फार लागत नाहीत. तुकडे कापायला छोटा साइड कटर, घासायला आईची जुनी नेलफाईल (विचारून घ्या), चिमटा आणि दोन ब्रश. चिकटवायला प्लॅस्टिक सिमेंट. हा नेहमीचा गोंद नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. म्हणून रंगवलेल्या जागेवर तो धरत नाही, तिथला रंग आधी खरवडावा लागतो. हे कळायला आम्हाला एक बुरूज दोनदा बसवावा लागला. वासासाठी खिडकी उघडी ठेवा. धारदार पात्याचे काम आईबाबांकडे. रंग पाण्याने धुता येणारे ॲक्रिलिक घ्या. स्प्रेचा डबा हवा असेल तर मोठ्यांनाच आणावा लागेल, आपल्या व्हिक्टोरियात १८ वर्षांखालच्या मुलांना तो विकत नाहीत.

दिवाळीच्या त्या टेबलापाशी एका मावशींनी मला हळूच विचारले होते, "पण मुलांच्या हातात रणगाडाच कशाला? विमान, जहाज काही का नाही?" प्रश्न रास्त आहे आणि त्यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. एवढेच सांगतो की टायगरच्या वेळी आमच्या घरात फक्त कड्यांबद्दल बोलणे झाले. मॅटिल्डाच्या वेळी बुरुजाचे झाकण चिकटवताना मुलीने विचारले, "आत किती माणसं असायची?" चार. "आणि आग लागली तर सगळी या एवढ्याशा भोकातून बाहेर यायची?" मी आबांना फोन लावून दिला. चाळीस मिनिटे दोघे बोलत होते, सगळे मराठीत. कारण आबांना 'टरेट' आणि 'हॅच' समजत नव्हते आणि तिला बुरूज, झाकण, नळी, पट्टा हे शब्द शोधावे लागत होते. एरवी त्यांचे बोलणे "जेवलीस का?" आणि "हो" यावर संपते. खेतरपालांचे वय तिला आबांनीच सांगितले. "म्हणजे आपल्या दादापेक्षा दोनच वर्षांनी मोठा," ती म्हणाली आणि मग थोडा वेळ काही बोलली नाही.

खरे रणगाडे पाहायचे असतील तर सीमूरजवळ पकापुन्याल इथे सैन्याचे टँक म्युझियम आहे. तो लष्करी तळ आहे, तेव्हा निघण्यापूर्वी उघडे आहे का आणि ओळखपत्र कोणते लागते ते विचारून घ्या. क्वीन्सलँडला सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी केर्न्सला २०१४ पासून एक मोठे संग्रहालय आहे.

सेंच्युरियनचे काम आमच्याकडे गेल्या महिन्यात सुरू झाले आहे. गॅरेजमधला टायगर मात्र कोणाला हवा असेल तर घेऊन जावा. वर्गानंतर चहाच्या टेबलापाशी भेटा. १९२ पैकी ७१ कड्यांचे दात चिकटवून तयार आहेत.