गाडीचा वॉटर पंप गेलाय का?

पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं. गळतंय म्हणून काहीजण त्यावर एमसील थापतात. तसं करू नका. ते भोक मुद्दामच ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून ठिबकतं आणि सुकल्यावर ओघळाचा चट्टा उरतो. इंजिन पुरतं थंड झाल्यावर बेल्ट उतरवा, पुली धरून हलवा. डुगडुगली किंवा फिरवताना खरखरली, तर बेअरिंग संपलं. गळती नाही, तरी तापमानाचा काटा चढतोय? आधी थर्मोस्टॅट आणि पंखा बघा. बोअरच्या पाण्यावर चालवलेल्या गाडीत मात्र पंपाची पातीच गंजून झिजलेली असू शकतात. नवा पंप बसवताना जुन्या गॅस्केटचा कण न् कण खरवडून काढा. पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल, तर बेल्टही तेव्हाच बदला. मजुरी एकदाच पडते.