जेवण ‘ठीक होतं’ म्हणणारा कस्टमर परत का येत नाही?



हॉटेल लाइनवर कुठलाही व्हिडिओ टाकला की ठरलेले प्रश्न येतात. भांडवल किती लागेल? मेनू काय ठेवू? आचारी कुठे मिळेल? फक्त पार्सल ठेवू की बसायची सोय करू? सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण ‘एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा कशामुळे येतो?’ हे विचारणारा मला अजून फारसा भेटलेला नाही. आणि हॉटेल चालतं ते याच एका गोष्टीवर.

म्हणून आज गल्ल्याच्या आतल्या बाजूने नाही, बाहेरच्या बाजूने बोलू. कस्टमरच्या खुर्चीवरून.

माझ्याबरोबर हॉटेलात यायला घरचे आता कंटाळतात. कारण बसलो की मी खिशातून छोटी डायरी काढतो आणि वेळा लिहायला लागतो. किती वाजता बसलो, पाणी कधी आलं, ऑर्डर कधी घेतली, प्लेट कधी आली, बिल कधी आलं. बायको म्हणते, “जेवायला आलाय की पंचनामा करायला?” पण मित्रांनो, या डायरीने मला जे शिकवलं ते कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही. त्यातली दोन पानं तुम्हाला दाखवतो. आणि मग एक पान माझ्या स्वतःच्या धंद्याचं, जे मी लिहिलंच नव्हतं.

पहिलं पान : शनिवारची संध्याकाळ

पुण्यातलं एक मोठं फॅमिली रेस्टॉरंट. आम्ही चौघं. दारात नाव लिहिलं ७ वाजून ५० मिनिटांनी, टेबल मिळालं सव्वाआठला. शनिवार आहे, एवढं चालायचंच. खरी गंमत बसल्यावर सुरू झाली.

मेनू कार्ड आलं ८.२२ ला. ऑर्डर घेतली साडेआठला. ८.५५ ला स्टार्टर आला आणि तीनच मिनिटांत भाजी-रोटीपण आली. आता स्टार्टर खायचा की रोटी गरम आहे तोवर जेवायचं? टेबलावर ताटल्या ठेवायला जागा नाही. शेवटी पनीर गार झालं आणि तसंच राहिलं. जेवण संपलं ९.२५ ला. बिल मागितलं, ते आलं ९.४० ला. पैसे देऊन उठेपर्यंत ९.४७.

आता हिशोब करा. आम्ही त्या टेबलावर ९२ मिनिटं होतो. त्यातली खाण्यात गेली फक्त ३०. उरलेली ६२ मिनिटं आम्ही नुसती वाट बघत होतो. आणि आम्ही आत वाट बघत होतो म्हणून बाहेर दुसरी फॅमिली उभी राहून वाट बघत होती.

बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. मी म्हटलं, हा काढा. मॅनेजर म्हणाले, “सर, सगळेच देतात.” मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट सूचना दिल्या आहेत की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावाखालीही लावायचा नाही. द्यायचा की नाही ही कस्टमरची मर्जी. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही या सूचना कायम ठेवल्या. शेवटी त्यांनी तो काढला, पण असा चेहरा करून की जणू आम्हीच फुकट जेवून चाललो होतो.

जाताना दारातल्या मुलाने विचारलं, “जेवण कसं होतं सर?”

मी म्हटलं, “ठीक होतं.”

भांडलो नाही, वाईट रेटिंग दिलं नाही. फक्त परत गेलो नाही. त्या मालकाला आजही वाटत असेल की त्या दिवशी टेबल नंबर सातवर काहीच बिघडलं नव्हतं.

दुसरं पान : रविवारची सकाळ

एक जुनं उडुपी पद्धतीचं हॉटेल. सजावट शून्य. ८.१० ला बसलो आणि बसता बसताच पाण्याचे ग्लास आले. तीन मिनिटांत ऑर्डर घ्यायला माणूस हजर. मी रवा डोसा सांगितला. तो म्हणाला, “साहेब, रवा डोशाला वेळ लागेल, बारा-पंधरा मिनिटं. घाई असेल तर उत्तप्पा घ्या, लवकर येईल.”

बघा, त्याने मला वाट बघायला लावायच्या आधीच सांगून टाकलं. वाट बघण्याचा राग माणसाला कमी येतो, किती वाट बघायची हे माहीत नसण्याचा जास्त येतो. दोघांनीही कांदा उत्तप्पा घेतला. ८.२२ ला प्लेटा समोर. पण बायकोच्या प्लेटमध्ये साधा उत्तप्पा.

तिने सांगताच वेटर म्हणाला, “ताई, माझी चूक. हा गरम आहे, सुरू करा. कांद्याचा पाच मिनिटांत आणतो. याचे पैसे लागणार नाहीत.” मालकाला विचारायला गेला नाही, ‘तुम्हीच साधा म्हणालात’ असा वाद घातला नाही. म्हणजे मालकाने त्याला आधीच सांगून ठेवलं असणार की एवढा निर्णय तू घेऊ शकतोस.

चहा झाला, बिल मागताच आलं, ८.४६ ला आम्ही बाहेर. एकूण ३६ मिनिटं. त्यात वाट बघायची फक्त १५, बाकी निवांत खाणं आणि चहा. कुणी एका शब्दाने घाई केली नाही, तरी टेबल ३६ मिनिटांत मोकळं झालं.

मालकाला ती चूक पडली एका उत्तप्प्याला. त्यानंतर आम्ही तिथे किती वेळा गेलो ते मी मोजलेलं नाही.

तिसरं पान : जे मी लिहिलंच नव्हतं

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांच्या चुका काढणं सोपं आहे. बरोबर. म्हणून माझी सांगतो.

ट्रेनिंगच्या कामात यायच्या आधी माझं स्वतःचं नाश्ता सेंटर होतं. ऑफिसवाल्यांच्या रस्त्यावर, पाच टेबलं. पोहे, उपमा, मिसळ, चहा. सव्वा वर्षात बंद करावं लागलं. साडेचार लाख गेले. त्यातले दीड लाख वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशातले होते. वडील एका शब्दाने बोलले नाहीत, आणि ते जास्त लागतं.

लोकांना मी कारण सांगायचो : भाडं वाढलं, समोरचा रस्ता खोदला, माणसं टिकली नाहीत. खोटं काहीच नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं.

काही वर्षांनी एका लग्नात जुने कस्टमर भेटले. म्हणाले, “दादा, तुमच्या उपम्याची सर कुठेच नाही.” मी सहज विचारलं, “मग यायचं का बंद केलंत हो?”

ते जरा थांबले. म्हणाले, “बोलू का? राग नका मानू. एकदा वडिलांना घेऊन आलो होतो. त्यांना दात नाहीत, हळूहळू खातात. तुमच्या पोराने दोनदा येऊन टेबलावर फडकं मारलं. तिसऱ्यांदा म्हणाला, ‘आजोबा, आटपा लवकर, माणसं उभी आहेत.’ वडिलांनी अर्धी प्लेट तशीच ठेवली आणि उठले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘मला कशाला आणलंस?’ त्यानंतर नाही आलो. ऑफिसातले आम्ही सहाजण रोज यायचो ना, तेपण मग दुसरीकडे जायला लागले.”

मला घास गिळेना. कारण त्या पोराची चूक नव्हती. ‘फडकं मारत राहायचं, बसलेल्याला उठवायचं, टेबल मोकळं करायचं’ हे त्याला मीच शिकवलं होतं. आणि त्या दिवशी मी गल्ल्यावरच बसलेलो असणार. पैसे घेताना विचारलंही असेल, “कसा होता उपमा?” आणि ते म्हणाले असतील, “छान.”

हिशोब करून बघा. सहाजण, प्रत्येकी ६० रुपये, महिन्याचे २५ दिवस. ९,००० रुपये. ही विक्री आहे, नफा नाही, हे मान्य. पण माझं भाडं तेव्हा १८,००० होतं. भाड्याच्या निम्म्याएवढी विक्री एका वाक्यात गेली. अशी अजून किती वाक्यं त्या सव्वा वर्षात बोलली गेली असतील, देव जाणे.

आणि सगळ्यात वाईट काय, माहितीये? खोळंबा त्या आजोबांमुळे नव्हताच. आमच्याकडे चहाला एकच शेगडी होती आणि त्यावर पार्सलचा चहा आधी जायचा. त्यामुळे नाश्ता संपवून लोक आठ-दहा मिनिटं नुसते चहाची वाट बघत बसायचे. दुसरी शेगडी त्या वेळी दोन-अडीच हजारांत आली असती. मी शेगडी घेतली नाही, माणसं उठवली.

यातून शिकायचं काय?

टेबलावरच्या वेळेचे दोन भाग असतात. एक वाट बघण्याचा, दुसरा खाण्याचा. वाट बघण्याचा वेळ तुमचा आहे, तो तुम्ही कमी करायचा. खाण्याचा वेळ कस्टमरचा आहे, त्याला हात लावायचा नाही. मी नेमकं उलटं केलं होतं.

हे जमतं का? जमतं. मुंबईत माटुंग्याला ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर वाढतात. बाहेर रांग, आत सगळे जेवायला बसलेले. पण पानावर बसलेल्या माणसाला काही मागायला थांबावं लागत नाही, वाढणारे फिरतच असतात. पटकन वाढलं की माणूस आपोआप वेळेत उठतो, त्याला उठवावं लागत नाही.

आता कागदावरचं गणित. समजा तुमची ८ टेबलं आहेत आणि दुपारची गर्दी अडीच तासांची, म्हणजे १५० मिनिटांची. एका टेबलाला ५० मिनिटं लागली तर तीन राउंड होतात. वाट बघण्यातली १२-१३ मिनिटं वाचवली तर चार राउंड. एका टेबलावर तीन माणसं आणि माणशी १५० रुपये धरले तर एका जादा राउंडची विक्री ३,६०० रुपये. रोज सगळी टेबलं भरणार नाहीत, म्हणून निम्मं धरा. तरी दिवसाला १,८०० रुपये. भाडं तेच, टेबलं तीच, भाव तेच.

पैसे गुंतवायच्या आधीचा होमवर्क

हॉटेल टाकायचं डोक्यात असेल तर दुकान बघायच्या आधी एवढं करा.

१. तुम्हाला टाकायचं आहे तशाच पाच हॉटेलांत कस्टमर म्हणून जा, गर्दीच्या वेळीच. पाच वेळा लिहा : पाणी, ऑर्डर, पहिली प्लेट, शेवटचा घास, हातात बिल. वाट बघण्याची मिनिटं वेगळी काढा. मग शोधा, ती कुठे अडकली होती? तव्यावर, चहाच्या शेगडीवर की बिलाच्या काउंटरवर?

२. तुमच्या मेनूतल्या प्रत्येक पदार्थाला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि ऑर्डर घेणाऱ्याकडून पाठ करून घ्या. “वेळ लागेल” असं नाही, “पंधरा मिनिटं लागतील” असं सांगायचं.

३. चूक झाली तर वेटरने मालकाला न विचारता काय द्यायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एक डिश बदलून देणं, एक चहा. त्याची महिन्याची रक्कम खर्चात धरून ठेवा.

४. बिल स्वच्छ ठेवा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही. आणि जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर कस्टमरकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, तो तुमच्या विक्रीतून तुम्ही भरायचा असतो. म्हणून भाव ठरवतानाच हे धरा. बिलावर फसवलं गेल्याची भावना चव पुसून टाकते.

५. “जेवण कसं होतं?” हा प्रश्न विचारणं सोडून द्या. आपला माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. त्यापेक्षा दिवसातून दोनदा मोरीपाशी उभे राहा आणि परत आलेल्या ताटल्या बघा. काय उरतंय? कुठली भाजी रोज टाकली जातेय? ताटली कधी खोटं बोलत नाही. आणि विचारायचंच असेल तर “काय कमी पडलं?” असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभे राहा.

शेवटचं एक. जो कस्टमर तुमच्याशी भांडतो त्याला हात जोडा, मनापासून. त्याला अजून तुमच्याकडे परत यायचंय, म्हणून तो भांडतोय. ज्याला यायचं नसतं तो “ठीक होतं” म्हणतो आणि बडीशेप घेऊन निघून जातो.

मला त्या आजोबांची माफी मागायची होती. त्यांच्या मुलाला तसं म्हटलंही. ते म्हणाले, “वडील गेले हो दोन वर्षांपूर्वी.”

तुमच्या हॉटेलात कुणी आजोबा हळूहळू जेवत असतील ना, तर त्यांना जेवू द्या. तोवर तुम्ही दुसरी शेगडी पेटवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.